परसातला ढेकण्या आणि खडपातला रिबन वर्म: तुलनेची वही कशी करावी

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्हाला चिठ्ठ्या टाकून प्राण्यांच्या जोड्या वाटल्या होत्या. दोन्ही प्राणी जिवंत पाहायचे, नोंदी करायच्या आणि तुलना लिहून द्यायची, एवढंच काम होतं. माझ्या चिठ्ठीवर होतं: एक शील्ड बग, एक समुद्री रिबन वर्म. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला दोन जातींचे खेकडे आले होते आणि मला तिचा हेवा वाटला. एक वालाच्या वेलावर बसणारा सहा पायांचा कीटक, दुसरी ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, दगडाखाली सापडणारी बिनपायांची ओली फीत. यांच्यात तुलना करायची तरी कशाची?

वही पूर्ण झाली, पण तिच्यात चुका बऱ्याच राहिल्या. पुढे शिकवायला लागल्यावर लक्षात आलं की मुलं दरवर्षी नेमकी त्याच जागी अडकतात. त्यातली सगळ्यात मोठी गफलत एका शब्दाची आहे, तो शब्द म्हणजे ‘सोंड’. तिच्यावर मी खाली सविस्तर लिहिलं आहे. बाकीचं लागेल तेवढंच.

आधी सामान गोळा करा

- दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग. मोबाइलला लावायचं मॅक्रो भिंग असेल तर उत्तम, पण हातभिंगाला पर्याय नाही.
- पांढरा प्लास्टिकचा ट्रे आणि झाकणाचे दोन पारदर्शक डबे.
- मऊ रंगाचा ब्रश. चिमटा दोन्ही प्राण्यांसाठी घातक आहे.
- पट्टी आणि जाड दोरा. दोरा का, ते पाचव्या पायरीत येईल.
- समुद्राचं पाणी, त्याच जागेवरून भरलेलं. घरी मीठ कालवून केलेलं पाणी चालत नाही.
- दिनदर्शिका आणि भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक.
- रबरी तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे बूट. शेवाळावर चप्पल टिकत नाही.
- पेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. शाई ओल्या हाताने पसरते.
- कॉलेजच्या कामासाठी जात असाल तर विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र. किनाऱ्यावर कुणी विचारलं तर पत्र दाखवलं की बोलणं सोपं होतं.

१. नावांचा गुंता आधी सोडवा

‘शील्ड बग’ला शेतकरी ‘ढेकण्या’ म्हणतात. पण कपाशीवरचा लाल ढेकण्या आणि भाताच्या लोंबीवरचा ढेकण्या हे शील्ड बग नव्हेत, ते वेगळ्या कुलांतले आहेत. घरातला ढेकूण याच गणातला, म्हणजे लांबचा भाऊबंद. तेव्हा वहीत नुसतं ‘ढेकण्या’ लिहून थांबू नका. मी निवडला होता हिरवा ढेकण्या, शास्त्रीय नाव नेझारा विरिडुला. नवख्या माणसाला हाच सोयीचा, कारण चवळी, वाल, टोमॅटो, तूर यांवर तो सहज सापडतो.

रिबन वर्मचं नाव जास्त फसवं. त्याचं मराठी करायला जाल तर ‘फीतकृमी’ होतं, आणि तो शब्द आधीच आतड्यात राहणाऱ्या टेपवर्मला दिलेला आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ग्रंथालयात ‘फीतकृमी’ शोधून चार पानं उतरवून घेतली होती, सगळी टेपवर्मची. रिबन वर्मचा संघच स्वतंत्र आहे: नेमर्टिया. यात सुमारे १,३०० जाती आहेत, बहुतेक समुद्रातल्या, आणि त्या मोकळ्या फिरून शिकार करतात. मी तरी ‘रिबन वर्म’ हाच शब्द ठेवते.

२. ढेकण्या पाहा, पण पकडायची घाई करू नका

पावसाळा सरता सरता, नवरात्राच्या आसपास, परसातल्या वेलांवर सकाळी सातच्या सुमारास जा. गारव्यात तो सुस्त असतो. पानाची खालची बाजू आधी बघा.

पाठीवर मधोमध त्रिकोणी ढाल दिसली पाहिजे. हिरव्या ढेकण्यात या त्रिकोणाच्या पुढच्या कडेवर, डोक्याच्या बाजूला, तीन बारीक पांढुरके ठिपके एका ओळीत असतात. ते दिसले की ओळख बरीचशी पक्की झाली. मग मिशा मोजा. पेंटाटोमिडी या कुलाचं नावच ‘पाच तुकड्यां’वरून आलेलं आहे: मिशीचे पाच भाग. चारच भाग मोजले गेले, तर तुम्ही दुसऱ्याच कुलातला ढेकण्या हातात धरला आहे.

भुंगेऱ्याशी गल्लत होते ती अशी टाळा. भुंगेऱ्याचे कडक पंख पाठीवर मध्यभागी सरळ रेषेत जुळतात. ढेकण्याचे पंख एकावर एक चढतात, आणि पंखाचा पुढचा भाग चामड्यासारखा जाड तर टोकाकडचा भाग पातळ पडद्यासारखा असतो. चकाकणाऱ्या निळ्या-हिरव्या ज्वेल बगमध्ये मात्र ढाल एवढी वाढलेली असते की सगळी पाठ तिच्याखाली झाकते. तिथे रेषाच दिसत नाही. भुंगेरा म्हणून सोडून दिलेले कितीतरी ज्वेल बग मी मुलांच्या फोटोंत पाहिले आहेत.

नशीब असेल तर अंडी सापडतील. पानाखाली चिकटवलेली, फिकट पिवळसर, लहान पिंपांसारखी, ओळीने गच्च बसवलेली, प्रत्येकाला वर गोल झाकण. पिल्लं बाहेर पडली की पहिली अवस्था त्या रिकाम्या टरफलांभोवतीच घोळका करून बसते आणि काही खात नाही. त्यांना हलवू नका. भिंगाने पाहा, फोटो घ्या, पान जसं होतं तसं सोडा.

३. ओहोटीची वेळ काढा

कोकणात भरतीचा जुना हिशोब घराघरांत आहे: तिथीची पाऊणपट करा. समजा पौर्णिमेनंतरची द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे रात्री आणि दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. जागेप्रमाणे वेळ मागेपुढे होते, म्हणून छापील वेळापत्रकाशी ताडून बघाच, पण कुठल्या आठवड्यात जायचं हे ठरवायला हा हिशोब पुरतो.

पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस निवडा. तेव्हा उधाण असतं, म्हणजे पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं आणि एरवी बुडालेले दगड उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, गेलात तर पाणी पुरेसं ओसरतच नाही आणि रिकाम्या हाताने परताल. माझी पहिली फेरी अष्टमीला झाली होती. सहाचा गजर लावून, एसटीने तासभर जाऊन, गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि परत आले.

ओहोटीच्या वेळेच्या निदान तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. पावसाळ्यात खडपात जाऊ नका. एकट्याने तर कधीच नाही. कालवं काढायला जाणाऱ्या बायका भेटल्या तर त्यांना विचारा, कुठला दगड डुगडुगतो आणि पाणी कुठून आत शिरतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणखी दोन गोष्टी. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तर हातात धरू नका, कोन शंखाचा दंश विषारी असतो. आणि संरक्षित किनाऱ्यावरून काहीही उचलू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आहे. तिथे पाहणं आणि फोटो एवढ्यावरच थांबा.

४. दगड उचला, रिबन वर्म ओळखा

तुम्हाला सहज पेलेल असाच दगड निवडा. स्वतःकडे ओढून उचला, म्हणजे खालचा प्राणी तुमच्या हाताखाली न येता समोर राहतो. पहिली दहा सेकंद नुसतं बघा. खेकडे पळतात, कोळंबी उडते, आणि हे सगळं शांत झालं की एखादी दोरी हळूच आकसताना दिसते. तीच बघायची.

दगडाखालच्या लांब प्राण्यांत तीन उमेदवार असतात. कडेने केसांचे किंवा पायांसारखे झुबके आणि अंगावर वळ्या असतील, तर तो पॉलिकीट, गांडुळाच्या गोतातला. पानासारखा रुंद, कागदाएवढा पातळ आणि कडा लहरवत सरकत असेल, तर चपटकृमी. वळ्या नाहीत, केस नाहीत, अंग सलग गुळगुळीत आणि बुळबुळीत, आणि प्राणी एकाच वेळी कुठे जाड कुठे बारीक होतो आहे, तर बहुतेक रिबन वर्म. मग भिंगाने डोकं बघा. अनेक जातींत डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक चीर असते आणि काहींत काळे डोळ्यांचे ठिपके.

मला सापडलेला तपकिरी होता, बुटाच्या नाडीएवढा रुंद. जातीपर्यंत नाव लावायचा हट्ट करू नका. या प्राण्यांत बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती खूप आहेत आणि खात्रीसाठी आतले छेद किंवा डीएनए बघावा लागतो. ‘नेमर्टिया, जात अनिश्चित’ असं लिहिणं ही अगदी प्रामाणिक नोंद आहे. ओढूनताणून लावलेलं नाव ही चूक.

ब्रशने त्याला ट्रेमधल्या समुद्राच्या पाण्यात सरकवा. बोटाने ओढू नका, तो तुटतो. ट्रे सावलीत ठेवा, पाणी तापलं की तो चिकट स्राव सोडायला लागतो आणि मग फार वेळ जगत नाही.

इथे माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. मी तो कॉलेजात आणला आणि सांगितल्याप्रमाणे सरळ स्पिरिटमध्ये टाकला. काही क्षणांत त्याचे सात तुकडे झाले, बाटलीभर फेसाळ चिकटा झाला आणि पुढच्या टोकातून एक पांढरा धागा बाहेर फेकला गेला. त्या धाग्याला मी वहीत ‘आतला परजीवी’ असं लिहिलं. ती त्याची सोंड होती. एक जिवंत प्राणी मेला आणि नोंदही चुकीची झाली, याचं वाईट मला अजून वाटतं.

भिंगाखाली शांतपणे बघायचंच असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड वापरा. ७५ ग्रॅम एक लिटर गोड्या पाण्यात विरघळवा आणि त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा. अर्ध्या तासात अंग सैल पडतं. बघून झालं की लगेच ताज्या समुद्राच्या पाण्यात सोडा, तो सावरतो. हे काम प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करा.

५. मापं घ्या

ढेकण्याचं माप सोपं आहे. डब्यात असतानाच खालून पट्टी धरा, डोक्याच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंत. हिरवा ढेकण्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर भरतो. बाहेरचं कवच कडक असल्याने आज मोजा, उद्या मोजा, आकडा तोच.

रिबन वर्मला एक लांबी नसतेच. आकसलेला चार इंच, सरपटताना फूटभर. म्हणून दोन आकडे लिहा: आकसलेला आणि ताणलेला. तो वेटोळं करून बसला तर ट्रेखाली कागद ठेवून वाटेवर दोरा अंथरा आणि मग दोरा मोजा. लांबीच्या दाव्यांवरची गोष्टही वहीत घालण्यासारखी आहे. १८६४ साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यावर वादळानंतर सापडलेल्या लिनिअस लाँगिसिमस या रिबन वर्मची लांबी ५५ मीटर सांगितली जाते. खरी धरली तर तो निळ्या देवमाशापेक्षाही लांब ठरतो. पण इतक्या ताणल्या जाणाऱ्या प्राण्याचं माप कुठल्या स्थितीत घेतलं, यावर सगळं अवलंबून आहे. त्या जातीचे प्राणी एरवी ५ ते १५ मीटरच्या आसपास सापडतात. ‘जगातला सर्वांत लांब प्राणी’ असं बेधडक लिहिण्याआधी हे लक्षात घ्या.

६. तक्ता आखताना चार रकाने ठेवा

बहुतेक मुलं दोन रकाने आखतात, डावीकडे ढेकण्या, उजवीकडे वर्म, आणि खाली भरत जातात: पाय आहेत, पाय नाहीत, पंख आहेत, पंख नाहीत. पानभर ‘नाही’ लिहून होतं आणि हाती काही लागत नाही.

प्रत्येक प्राण्यासाठी एक पान घ्या आणि त्यावर हे चार रकाने आखा. पहिला: काम, म्हणजे अन्न मिळवणं, बचाव, श्वास, वाढ. दुसरा: ते काम कुठला अवयव करतो. तिसरा: तो अवयव कशाचा बनलेला आहे आणि शरीरात कशापासून घडतो. चौथा: मी स्वतः पाहिलं की वाचलं. तिसरा आणि चौथा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण खरी तुलना तिथेच उभी राहते. खालची पायरी वाचली की का ते कळेल.

७. सोंडेवर थांबा

मी वहीत ‘साम्य’ या मथळ्याखाली पहिलं वाक्य लिहिलं होतं: ‘दोन्ही प्राण्यांना सोंड असते आणि तिच्यात सुई असते.’ बाईंनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी एकच प्रश्न लिहिला: ‘कोणती सोंड?’ इंग्रजी पुस्तकांतही दोन्हींसाठी एकेक समान शब्द आहे, सोंडेला प्रोबोसिस आणि सुईला स्टायलेट, त्यामुळे ही फसगत भाषेपुरती नाही.

ढेकण्याची सोंड बघायची तर त्याला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहा. डोक्याच्या पुढच्या टोकापासून निघून पायांच्या मधून मागे दुमडलेली, चार सांध्यांची नळी दिसेल. ही नळी म्हणजे त्याचा खालचा ओठ. तिच्या खोबणीत केसासारख्या चार सुया असतात: दोन मूळच्या जबड्यांच्या, दोन त्यांच्या मागच्या जोडीच्या. आतल्या दोन सुया एकमेकींना चिकटून दोन सूक्ष्म वाटा तयार करतात, एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून पातळ झालेलं अन्न वर येतं. शेंगेवर बसला की ओठाची नळी कोपरासारखी वाकते आणि सुयाच तेवढ्या आत शिरतात. म्हणून चवळीच्या शेंगेवर बाहेरून जेमतेम ठिपका दिसतो आणि आतला दाणा सुरकुतलेला निघतो. शिकार करणारे ढेकण्येही आहेत; अळ्या शोषणाऱ्या जातींत ही नळी बरीच जाड असते. तुमच्या ढेकण्याची सोंड बारीक की जाड, यावरून त्याच्या जेवणाचा अंदाज बांधता येतो.

आता रिबन वर्म. त्याची सोंड तोंडाचा भागच नव्हे. ती अन्ननलिकेच्या वर, द्रवाने भरलेल्या एका वेगळ्या पोकळीत आत ओढून ठेवलेली असते. पोकळीभोवतीचे स्नायू आवळले की आतला दाब वाढतो आणि सोंड सदऱ्याची बाही उलटी व्हावी तशी उलटी होत बाहेर फेकली जाते. परत आत ओढायला मागे एक स्नायू असतो. बऱ्याच जातींत तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला निराळं असतं आणि सोंड वेगळ्या छिद्रातून येते.

मी हे एकदाच जिवंत पाहिलं, खडपातल्या एका वीतभर डबक्यात. तपकिरी वर्म एका बोटभर पॉलिकीटच्या शेजारी सरकत आला, डोक्याचं टोक त्याला लागलं आणि पुढच्या क्षणी फिकट गुलाबी दोरा त्याच्या अंगाभोवती तीन वेढे घालून बसलेला होता. पॉलिकीटने शेपूट दोनदा आपटली. मग तिसऱ्यांदा अर्धवट. मग नाही. दोरा जसा आला तसा आत गेला आणि वर्मचं तोंड रुंद व्हायला लागलं. घड्याळ बघायचं भानच राहिलं नाही, म्हणून वेळेची नोंद माझ्याकडे नाही. तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवूनच बसा.

सुईचंही तेच. काही रिबन वर्मच्या सोंडेत खरोखर टोकदार सुई असते, पण ती कॅल्शियम फॉस्फेटची, सोंडेच्या मधल्या भागात बसवलेली. सोंड उलटी झाली की ती टोकाला येते. बऱ्याच जातींत सुईच नसते. ढेकण्याच्या सुया कायटिनच्या, म्हणजे त्याच्या कवचाच्याच पदार्थाच्या, आणि त्या मूळचे जबडे आहेत.

पुरावा म्हणून मेंदू बघा, अर्थात हे पुस्तकातल्या छेदचित्रातून. ढेकण्यात मज्जासंस्थेचं कडं अन्ननलिकेभोवती असतं. रिबन वर्ममध्ये मेंदूचं कडं सोंडेच्या पोकळीभोवती असतं, अन्ननलिका त्याच्या बाहेर राहते. एकाची सोंड म्हणजे बदललेलं तोंड, दुसऱ्याची सोंड म्हणजे तोंडाशी मूळचा संबंध नसलेलं निराळंच हत्यार. काम एक, नाव एक, घडण निराळी. तक्त्यातला तिसरा रकाना यासाठी.

८. बचाव: वास आणि चिकटा

ढेकण्याला ब्रश लावा आणि नाक जवळ न्या. प्रौढात वासाच्या ग्रंथी छातीच्या मागच्या भागात असतात आणि खालच्या बाजूने, पायांच्या बुडाशी उघडतात. पिल्लांमध्ये त्या पोटाच्या पाठीकडच्या बाजूला असतात, म्हणजे वाढताना ग्रंथींची जागाच बदलते. वासातले अल्डिहाइड कोथिंबिरीच्या वासातल्या अल्डिहाइडांच्या गोतातलेच आहेत. हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका.

रिबन वर्म अंगभर चिकटा सोडतो आणि त्यात विष असू शकतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली लिनिअस लाँगिसिमसच्या चिकट्यातली विषारी पेप्टाइडं वेगळी केल्याचं प्रसिद्ध केलं. ती टोचल्यावर खेकडे आणि झुरळं लुळी पडली, कारण ती कीटकांच्या मज्जापेशींतल्या सोडियमच्या वाटांवर काम करतात. आपल्या जोडीतला ढेकण्याही कीटक, म्हणून हा दुवा मला फार आवडतो. मात्र प्रयोग झुरळावर झालेला आहे. ‘रिबन वर्मच्या विषाने ढेकण्या मरतो’ असं लिहू नका. काही जातींत फुग्या माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विषही सापडलं आहे, तेव्हा वर्म हाताळताना हातमोजे घाला आणि वास घ्यायचा प्रयोग याच्यावर करू नका.

९. आतली व्यवस्था

हा भाग पुस्तकातूनच भरावा लागतो, म्हणून थोडक्यात. ढेकण्या कडेच्या छिद्रांतून हवा घेतो आणि ती बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते; त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेत नाही आणि शरीराच्या पोकळीत मोकळं फिरतं. रिबन वर्म त्वचेतून श्वास घेतो आणि त्याचं रक्त बंद वाहिन्यांत असतं. हृदय नाही, वाहिन्याच आकुंचन पावतात आणि रक्त कधी पुढे कधी मागे वाहतं. ‘कृमी म्हणजे साधा, कीटक म्हणजे प्रगत’ असं वाक्य कुणी लिहिणार असेल, तर त्याने बंद रक्ताभिसरण कोणाकडे आहे ते आधी बघावं. उत्सर्जनासाठी ढेकण्याकडे माल्पीघी नलिका, वर्मकडे ज्योतिपेशी.

१०. वाढ आणि तुटणं

ढेकण्या कोशात जात नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाच अवस्थांतून, दर वेळी कात टाकून, मोठं होतं. हिरव्या ढेकण्याची लहान पिल्लं काळपट, पांढऱ्या आणि लाल ठिपक्यांची असतात. ती वेगळीच जात आहे असं समजून दोन नोंदी करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. टाकलेली कात पानावर सापडली तर जपून वहीत चिकटवा. तिच्यात सोंडेची नळीसुद्धा दिसते.

रिबन वर्म कात टाकत नाही. अनेक जातींत अंड्यातून शिरस्त्राणाच्या आकाराची, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म अळी निघते. तिच्या आत बाल वर्म तयार होतो आणि बाहेर पडताना बहुधा त्या अळीचंच उरलेलं शरीर खाऊन टाकतो.

तुटल्यावर काय होतं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. काही थोड्या जातींत छोट्या तुकड्यापासून पूर्ण प्राणी तयार होतो. शेपटाकडचा भाग पुन्हा वाढवणं अनेकांना जमतं, डोकं वाढवणं मोजक्यांना. ‘रिबन वर्मचे दोन तुकडे केले की दोन वर्म होतात’ हे सरसकट खोटं आहे. करून बघू नका.

११. नातं कुठे जुळतं ते लिहा

दोघांचा समाईक पूर्वज ५५ कोटी वर्षांहूनही मागे जातो. त्याला डावी-उजवी बाजू सारखी होती. ती मांडणी दोघांनीही राखली आहे, आणि खऱ्या साम्याची सुरुवात वहीत इथून करा.

पुढे वाटा फुटल्या. ढेकण्या कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या फांदीवर आहे, आणि त्याच फांदीवर खेकडे, कोळंबी आणि पोटातले गोल जंतही (टेपवर्म नव्हे) आहेत. रिबन वर्म ज्या फांदीवर आहे तिथे गोगलगायी, कालवं, गांडुळं आहेत. यांच्यातल्या अनेकांत गर्भाच्या पहिल्या पेशी तिरप्या, मळसूत्री वळणाने विभागतात. म्हणजे दिसायला वर्म जंताचा भाऊ वाटतो, पण जंत ढेकण्याला जवळचा, आणि वर्म त्याच दगडाला चिकटलेल्या कालवाला. हे चित्र मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

१२. परत सोडा

ढेकण्या ज्या वेलावरून घेतला त्याच वेलावर ठेवा. तुमच्या परसात तो पिकाचं नुकसान करत असेल तर काय करायचं हे तुम्ही ठरवा, पण शेजाऱ्याच्या वेलावर नेऊन सोडू नका.

वर्मला पाणी फिरायच्या आत पोहोचवा. आधी दगड हलक्या हाताने पूर्वीसारखा बसवा, जी बाजू खाली होती ती खालीच. दगड उलटा राहिला तर खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज आणि अंडी उन्हात वाळून मरतात, आणि वरचं शेवाळ अंधारात सडतं. मग ट्रे दगडाच्या कडेला पाण्यात बुडवून तिरका करा आणि वर्मला स्वतःहून फटीत शिरू द्या. त्याच्यावर दगड ठेवायला जाल तर तो चिरडेल. त्याला आत जायला पाच-सात मिनिटं लागतात, तोवर तिथेच बसा. वहीतली शेवटची नोंद ही सोडल्याची असू द्या: तारीख, तिथी, वेळ, दगडाची जागा आणि तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते.